जागा बघण्याचा कार्यक्रम

वाईजवळच्या आमच्या गावात माझ्या नावावर साडेचार गुंठे जमीन आहे. नावावर आहे म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव आहे. त्याच्या मागेपुढे आणखी बावीस नावं आहेत. त्यांतली सहा माणसं वारली, दोघं पुण्यात एकाच सोसायटीत राहून एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एका आत्याबाईंना आपला यात हिस्सा आहे हे अलीकडेच कुणीतरी जाऊन सांगितलं. भागाकार केला तर डोई दोनशे तेरा चौरस फूट येतात. माझे दोनशे तेरा नेमके चुलत्यांच्या गोठ्याखाली आहेत, असं चुलत्यांचं म्हणणं आहे. तेव्हा निवृत्तीनंतर कुठंतरी एक लहानशी, निर्वेध, एकट्याच्या नावाची जागा असावी, तिला कुंपण असावं आणि कुंपणाच्या आत म्हैस असावी की नसावी हे आपलं आपण ठरवावं, या इच्छेनं माझ्या मनात घर केलं होतं. घर तेवढं एकच होतं.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं माझी इंडोनेशियात गेली. जकार्ताच्या पूर्वेला पुर्वाकार्ताच्या बाजूला सुताच्या नि पॉलिस्टरच्या गिरण्या आहेत, त्यांतल्या एकीत मी स्पिनिंग खातं बघत होतो. कंपनीनं गाडी दिली होती आणि गाडीबरोबर ड्रायव्हर. त्याला मी 'मास' म्हणायचो. जावानीज भाषेत मास म्हणजे दादा. तो मला 'पाक' म्हणायचा, म्हणजे बाबा. आमच्या वयात फरक नऊ वर्षांचा, पण गाडीत पुढं कोण बसतं यावर नाती ठरतात. एकदा टोलनाक्यावरच्या रांगेत वेळ जाता जाईना म्हणून त्याला गाव विचारलं.

"वोनोगिरी."

"वोनो म्हणजे?"

"जंगल, पाक."

"आणि गिरी?"

"डोंगर."

म्हणजे वनगिरी! माझ्या डोळ्यांपुढं कर्जत-नेरळच्या रस्त्यावरचा फलकच उभा राहिला : 'वनगिरी – फेज टू – क्लिअर टायटल – बुकिंग सुरू'. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिकडं आम्हांला जागाबिगा मिळेल का?"

मासनं आरशातून माझ्याकडं बघून हसत म्हटलं, "बिसा दिआतूर."

बिसा दिआतूर म्हणजे 'करता येईल व्यवस्था'. या दोन शब्दांवर सतरा हजार बेटांचा कारभार चालतो.

ईदच्या सुट्टीत आम्ही निघालो. या सुट्टीत शहरातली माणसं गावाकडं धावतात, त्याला तिथं 'मुदिक' म्हणतात. गणपतीत मुंबईतून कोकणात जाणारा चाकरमानी डोळ्यांपुढं आणा आणि त्याला काही कोटींनी गुणा. २०१८ साली जकार्ता ते सुराबाया सलग टोलरस्ता झाला, त्यामुळं आता सगळे एकाच रस्त्यावर अडकतात. पूर्वी वेगवेगळ्या रस्त्यांवर अडकायचे. गाडी मला मिळालेली, पण प्रवास मासचा होता. मागं त्याची बायको, दोन मुलं, एक प्रेशर कुकर आणि बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे. त्यांतल्या एकाच डब्यात बिस्किटं होती, उरलेल्यांत तांदळाच्या कुरडया. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड असेल अशी अपेक्षा न ठेवणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळं मला लगेच घरच्यासारखं वाटलं. साडेपाचशे किलोमीटर जायला एकोणीस तास लागले.

वोनोगिरी हा मध्य जावातला डोंगराळ जिल्हा. दक्षिणेकडं सगळा चुनखडीचा दगड, पाणी कमी. पूर्वी भाताच्या जागी कसाव्याचे कंद वाळवून, कुटून, वाफवून खायचे, त्याला तिवुल म्हणतात. जमीन पोटाला पुरेना म्हणून माणसं बाहेर पडली आणि बाक्सोच्या गाड्या लावायला लागली. बाक्सो म्हणजे मटणाच्या गोळ्यांचं गरम सूप, आणि मटण म्हणजे बैलाचं, त्यामुळं मी नेहमी नुसता रस्सा मागायचो, जो अर्थातच त्याच मटणाचा असायचा. जकार्तात कुठल्याही कोपऱ्यावर बाक्सोवाल्याला गाव विचारलं तर तो वोनोगिरीचा निघण्याची शक्यता फार. उडप्याच्या हॉटेलाचं आणि उडुपीचं जे नातं, ते बाक्सोचं आणि वोनोगिरीचं.

या गोळ्यांतून गावात घरं उभी राहिली आहेत. मासच्या गल्लीत शिरताना डाव्या हाताला एक दुमजली घर लागलं : पुढं रोमन खांब, खांबांना सोनेरी रंग, भिंतीला बाहेरून बाथरूमच्या टाइल्स, गच्चीवर दोन सिमेंटचे गरुड. मी विचारलं, राहतं कोण? मास म्हणाला, "आजी." मालक जकार्तात दोन खोल्यांत राहून गोळे वळतो आणि आजी मागच्या पडवीत चूल पेटवून राहते. पुढच्या घरात ती फक्त फरशी पुसायला जाते. अशी घरं गावात मी अकरा मोजली. मास ती मजल्यांवरून ओळखायचा नाही, गाड्यांवरून ओळखायचा : "हे तीन गाड्यांचं घर, ते सात गाड्यांचं." कोकणातल्या बंद घरांना निदान कुलूप असतं, इथं कुलपाऐवजी आजी.

गावाच्या तोंडाशी एक पाटी होती. पाहुण्यानं चोवीस तासांच्या आत वर्दी दिलीच पाहिजे. वर्दी द्यायची ती 'एर-ते'ला. तीसचाळीस घरांचा एक एर-ते, त्याचा एक प्रमुख, त्याच्याकडं एक वही. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जावा व्यापली तेव्हा घातली. जपानी १९४५ साली गेले, वही राहिली.

पाक एर-ते सत्तरीचे, कमरेला लुंगी, अंगात कुठल्याशा निवडणुकीचा टीशर्ट. वहीत नाव लिहिण्याआधी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आंघोळ झाली?" एकोणीस तासांच्या प्रवासानंतर हा प्रश्न मला लागला. मासनं सांगितलं, पाक, हा नमस्कार आहे. आपल्याकडं 'जेवलात का' विचारतात तसं. मग वय झालं, पगार झाला, आणि पाक एर-तेंनी विचारलं, "नातवंडं किती?"

"तिदाक," मी म्हणालो. नाहीत.

पडवीत एकदम शांतता पसरली. चहा आणणाऱ्या बाई दारात थबकल्या. मास माझ्या कानाशी लागला, "पाक, तिदाक नका म्हणू. बेलुम म्हणा."

बेलुम म्हणजे 'अजून नाही'. मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, त्यानं लग्नच करायचं नाही असं ठरवलं आहे, ते त्यानं आम्हांला लेखी कळवलं आहे, तरी बेलुम. पाक एर-तेंचा चेहरा खुलला. त्यांनी वहीत ते तसंच लिहिलं. त्यांच्या शेजारी एक पंचाहत्तरीचे अविवाहित गृहस्थ बसले होते. मी गंमत म्हणून मासला विचारायला लावलं, यांचं लग्न झालंय का? म्हातारा कवळी सावरत म्हणाला, "बेलुम."

या शब्दाची मला पुढं इतकी सवय झाली की आपल्या तलाठ्याला हा शब्द कुणी शिकवू नये एवढीच प्रार्थना करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माकेलार आला. माकेलार म्हणजे जमिनीचा दलाल. शब्द डचांनी दिला, धंदा त्यांच्या आधीचा असावा. बोटांत मोठमोठे खडे, खिशात दोन फोन, मोटरसायकल चालू ठेवूनच बोलणं. मला मागं बसवून तो फिरवायला निघाला. रस्त्याकडेला जमिनीच्या पाट्या होत्या. एकावर लिहिलं होतं, 'विकणे आहे, थेट मालकाकडून, दलाल नको'. खाली फोन नंबर होता. तो कुणाचा म्हणून मी विचारलं, तर माकेलारनं विनयानं छातीवर हात ठेवला. दुसऱ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'बे-ऊ'. ही 'पैशाची गरज आहे' याची आद्याक्षरं. आपल्याकडं जागा विकणारा तोंडावर 'तशी काही गरज नाही हो' असं लिहून फिरतो, इथं गरज पाटीवर टांगतात. किंमत मात्र दोन्हीकडं सारखीच फुगलेली.

किमतीवरून आठवलं. भाषेची अडचण मला फारशी आली नाही, कारण जमिनीच्या व्यवहाराचे निम्मे शब्द आपणच पाठवलेले आहेत. देसा म्हणजे गाव, बुमी म्हणजे भूमी, हार्गा म्हणजे अर्घ, अर्थात किंमत, साक्सी म्हणजे साक्षीदार, देंदा म्हणजे दंड. चिन्ता म्हणजे मात्र प्रेम. घोटाळा झाला तो आकड्यांत. आपला कोटी जुन्या जावानीज हिशेबात पोचला तो लाखावर आला, आपला लक्ष दहा हजारांवर घसरला, आणि अयुत, म्हणजे दहा हजार, तो 'जुता' होऊन दहा लाखांवर जाऊन बसला. सगळा व्यवहार जुतांत. पहिल्या जागेचे माकेलारनं दीडशे जुता सांगितले, म्हणजे पंधरा कोटी. माझ्या पोटात खड्डा पडला. मग आठवलं की आपल्या एका रुपयाला तेव्हा त्यांचे एकशे ऐंशीच्या वर मिळत. आठेक लाख! एवढ्यात आमच्याकडं गुंठ्याचं नुसतं भांडण मिळतं. या एका भागाकारानं मी जो हवेत गेलो तो चार दिवस खाली आलो नाही.

पहिली जागा सपाट, झाडांची, रस्त्याला लागून. जरा जास्तच लागून. गल्ली सरळ येऊन जागेच्या छाताडावर आदळत होती. मासनं लांबूनच नाक मुरडलं. याला तिथं 'तुसुक साते' म्हणतात, म्हणजे कबाबाची सळई. रस्ता सळईसारखा घरात घुसतो, घरच्यांची प्रकृती बिघडते, पैसा टिकत नाही. आपल्या वास्तुवाल्यांचं वीथीशूल ते हेच. शहाणी माणसं अशी जागा घेत नाहीत, म्हणून ती स्वस्त असते, म्हणून ती शहाण्या परदेशी माणसाला दाखवतात.

दुसरी जागा 'लेक व्ह्यू'. समोर गाजाह मुंकुर धरणाचा जलाशय, पाणी चमकत होतं, होड्या होत्या. मी तिथंच व्हरांड्यात बसून चहा पिऊ लागलो, मनातल्या मनात. तिथं पाण्याकडं बघत एक म्हातारी शेंगदाणे निवडत होती. ती म्हणाली, आमचं गाव तिथं खाली आहे. १९७०च्या दशकात धरणाचं ठरलं तेव्हा बुडणारी गावंच्या गावं उचलून समुद्रापलीकडं सुमात्रात सितिउंगला नेऊन वसवली. 'बेडोल देसा' म्हणतात त्याला, गाव मुळासकट उपटणं. तिचे दोन भाऊ गेले, ती इकडं दिलेली म्हणून राहिली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुनी कबरस्तानं वर येतात आणि माणसं फुलं घेऊन चिखलातून जातात. उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं ते मी पूर्वी पाहिलेलं होतं, कोयनेकाठची माणसं तर आमच्या ओळखीची. मी माकेलारला म्हटलं, पुढची जागा बघू. त्याला वाटलं मला उन्हाळ्यात पाणी लांब जाईल ही काळजी. तो म्हणाला, "बिसा दिआतूर."

तिसऱ्या जागेत वडाचा मोठा वृक्ष होता. खाली फुलं, उदबत्तीची राख, आणि एक अर्धवट जळालेली सिगारेट. ती ठेवलेली होती, टाकलेली नव्हती. तिथं गावचा राखणदार राहतो. आपल्याकडच्या म्हसोबासारखा, गाव सगळं मुसलमान, पण राखणदाराची बदली कुणी केलेली नाही. त्याची सही लागत नाही, पण संमती लागते. ती कशी मिळते हे विचारल्यावर माकेलारनं माझी जन्मतारीख घेतली. जावात सात वारांच्या आठवड्याला पाच दिवसांचा दुसरा आठवडा जोडलेला आहे : लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. दोन्ही मिळून पस्तीस दिवसांचं चक्र, आणि त्यातल्या आपल्या जन्मदिवसावर घराचं तोंड, पायाचा मुहूर्त, बायकोशी पटणं न पटणं सगळं ठरतं. मी निघालो शनिवार-पाहिंगचा. हिशेब मांडणाऱ्या म्हाताऱ्यानं बोटं मोडली, डोळे मिटले आणि सांगितलं की माझ्या राशीला या गावात जागा... बेलुम.

मग माकेलारनं शेवटचा पत्ता टाकला. जागा राहू दे, घर बघा. घर बघितलं आणि मी खरोखर गार झालो. जुनं सागवानी जोग्लो. मध्ये चार उंच खांब, त्यांना 'सोको गुरु' म्हणतात, गुरु आपलाच. खांबांवर एकावर एक चढत गेलेल्या कोरीव तुळयांचा उलटा मनोरा, त्यावर टोपीसारखं छप्पर. खिळा नावाला नाही, सगळं खाचेत खाच. दुपारच्या उन्हात आत पाऊल टाकलं तर माठात शिरल्यासारखं वाटलं. जमीन मातीची, कोपऱ्यात भाताची कणगी, कणगीवर मांजर. किंमत ऐकून मी मनात होकारच भरला.

"आणि जमीन?"

"जमीन नाही, पाक. घर विकायचंय. जमीन कशी विकतील? वडिलोपार्जित आहे."

घर वडिलोपार्जित नाही का, असं मी विचारणार होतो. पण त्यांच्या जुन्या रूढीत जमीन वेगळी, तिच्यावरचं घर वेगळं, झाडही वेगळं. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं, नारळ तिसऱ्याचा असू शकतो. जोग्लो विकलं की सुतार येतात, खांबांवर खडूनं खुणा करतात, चार दिवसांत घर उकलून ट्रकवर चढवतात आणि ते दुसऱ्या कुठल्या हॉटेलच्या आवारात जाऊन उभं राहतं. म्हणजे मला साडेतीन शतकांत कुठल्याही मराठी माणसाला न मिळालेली गोष्ट मिळत होती : वाटणीत घर, आणि ते उचलून न्यायची मुभा. चुलत्यांचा गोठा असा असता तर!

संध्याकाळी आम्ही गावच्या कचेरीत गेलो. पाक लुराह, म्हणजे सरपंच. त्यांची मुदत तेव्हा सहा वर्षांची होती, पुढं २०२४ साली कायदा बदलून आठ झाली. पण त्यांना तेव्हाही घाई नव्हती. जावातल्या गावांत सरपंचाला आणि कारभाऱ्यांना पगाराच्या जागी कसायला जमीन देण्याची जुनी चाल आहे, 'बेंगकोक' म्हणतात तिला. मला आमच्या पाटलांचं वतन आठवलं. मी तसं सांगितल्यावर ते विचारते झाले, तुमच्या पाटलांनी ती परत केली का? मी म्हटलं, बेलुम.

कपाटातून त्यांनी एक जाडजूड वही काढली. 'लेटर सी'. डचांच्या काळापासूनच्या सारा-आकारणीची ही नोंद. ती मालकीचा दाखला नाही, कर कोण भरतो याची नोंद आहे. तरी गाव तिलाच मालकी मानतं. कुठं ऐकलं होतं हे? आपला सातबारा तंतोतंत! आमच्या गावातले निम्मे दावे या एका गैरसमजावर चालले आहेत. मला गहिवरून आलं. फरक एवढाच की जावानीज माणसाला आडनाव नसतं. सुकार्नो नुसते सुकार्नो, सुहार्तो नुसते सुहार्तो. त्यातून जुन्या पद्धतीत लग्न झालं की पुरुष नवं, प्रौढ नाव घ्यायचा. त्यामुळं वहीतला मालक आणि वारसांचा आजोबा एकच, हे सिद्ध करायला गावातली तीन म्हातारी माणसं लागतात. त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही आणि तिसरा खरेदीदाराचा व्याही असतो. सरकारनं २०१७पासून सरसकट मोजणी करून पक्की प्रमाणपत्रं द्यायची मोहीम काढली आहे. मासच्या वडिलांची जमीन त्यात झाली का, हे मी विचारलं नाही. उत्तर मला पाठ झालं होतं.

मग पाक लुराहनी मला कायदा समजावला. तो १९६० सालचा आहे. पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात. आपल्या हक्क आणि मालक या शब्दांचे ते सख्खे चुलतभाऊ, पण चुलतभावासारखेच वागतात : परदेशी माणसाला ती मिळत नाही. परदेशी माणसाला वारसानं जरी आली तरी वर्षभरात सोडावी लागते. त्याला मिळू शकतो तो 'हाक पाकाई', वापरायचा हक्क. आधी तीस वर्षं, मग वाढवून वीस, मग पुन्हा तीस. एकूण ऐंशी. मी तेव्हा अठ्ठावन्न. मुदत संपेल तेव्हा एकशे अडतीस. तेवढ्यात नातवंडं होतील, असा दिलासा पाक एर-तेंनी दिला. पण तोही इथं नाही, कारण त्याला जे घर लागतं त्याच्या किमतीची किमान मर्यादा आहे, आणि तेवढ्या पैशांत हे आख्खं गाव गरुडांसकट आलं असतं. आणि शेतजमीन? ती तर त्याच तालुक्यात राहणाऱ्यानंच धरावी असा १९६०च्या दशकातला नियम आहे. मला आमच्याकडचा शेतकरी असल्याचा दाखला आठवला. शेतकऱ्याला शेती परवडत नाही आणि इतरांना घेता येत नाही, या एका मुद्द्यावर दोन्ही देश एकमतानं उभे आहेत.

माकेलार मला बाहेर घेऊन गेला. नावाचं काय घेऊन बसलात, म्हणाला. मासच्या नावावर घ्या, तो चिठ्ठी लिहून देईल. 'पिंजाम नामा', उसनं नाव. आपली बेनामी. पण त्याच कायद्यात लिहिलंय की असा व्यवहार मुळातच रद्द, आणि जमीन सरकारजमा. मी नको म्हटल्यावर त्यानं मला जागा मिळण्याचा आणखी एक रस्ता सुचवला. गावात एक पन्नाशीच्या विधवा बाई होत्या, तीन गाड्यांच्या घराच्या. तो रस्ता मी घरी फोनवर सांगितला नाही.

हार मानेल तो माकेलार कसला. त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला : पूर्व जावात तुबानजवळ सुमुरगेनेंग नावाचं गाव. २०२१ साली तेलशुद्धीकरणासाठी जमिनी घेतल्या, गावकऱ्यांच्या खात्यात रातोरात अब्जांनी रुपिया आले आणि गावानं एकशे शहात्तर कोऱ्या गाड्या उचलल्या. ट्रकांवरून गाड्यांची वरात येतेय, बायका दारात उभ्या. कित्येकांना चालवता येत नव्हत्या. आज गाव झोपतंय, उद्या हे होईल, म्हणाला. मी हिंजवडी पाहिलेली आहे. गळ्यात बोटाएवढ्या साखळ्या घातलेले आमचे गुंठामंत्री पाहिलेले आहेत, त्यामुळं मला पुढचा भाग विचारावासा वाटला. तो मासनं सांगितला : वर्षभरात त्यातलेच काही लोक नोकऱ्या द्या म्हणून मोर्चा घेऊन गेले. एका आजोबांनी पोटासाठी गाई विकल्या. माकेलारच्या फोनवर तो व्हिडिओ नव्हता.

रात्री पहाऱ्याची पाळी मासच्या घरची होती, मीही गेलो. बांबूची चौकी, टांगलेला लाकडी ठोकळा, चोर आला की तो बडवायचा. प्रत्येक घराच्या दाराशी छोटी डबी लटकवलेली. पहारेकरी जाताजाता त्यातलं नाणं किंवा मूठभर तांदूळ गोळा करतात, गावाच्या कामाला. त्या रात्री मासच्या घरच्या डबीत मी नाणं टाकलं. जागा नव्हती, पण कर भरला. कुठंतरी विजेचा प्रीपेड मीटर शिल्लक संपत आली म्हणून टिंटिं करत होता, तो रात्रभर थांबला नाही, आणि कुणी उठलंही नाही.

चौकीत काळी कॉफी होती, तळाला बोटभर साका. विषय वायांगवर गेला. सावल्यांच्या खेळात त्यांनी महाभारत पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. कृष्णशिष्टाईचा खेळ तर पहाटेपर्यंत चालतो. एका काकांनी मला अगदी मनापासून विचारलं, "पाक, एवढं मोठं युद्ध तुमच्याकडं झालं. त्यानंतर भावाभावांत जमिनीवरून भांडणं बंदच झाली असतील, नाही?"

मला साडेचार गुंठे दिसले. मी कॉफीच्या तळाकडं बघत राहिलो. पहिल्यांदाच मला बेलुमसुद्धा म्हणता आलं नाही.

निघायच्या दिवशी मासचे आजोबा, सगळे त्यांना म्बाह म्हणत, मला घरामागं घेऊन गेले. चार दिवस माझी वणवण ते बघत होते, बोलले काही नव्हते. हातात फणसाचं रोप, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांनी खड्डा केला, नारळाच्या शेंड्या तळाला घातल्या, रोप लावलं आणि मला पाणी घालायला लावलं. मग म्हणाले, माती माझी, झाड तुझं. फळ धरलं की निम्मं पाठवीन. सावलीचं काय, मी विचारलं. सावली बकरीची, म्हणाले. पाक एर-तेंना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. त्यांनी वही उघडली. पाहुण्यांच्या वहीत मालमत्तेचा रकाना नसतो, म्हणून त्यांनी 'येण्याचं कारण' या रकान्यात लिहिलं : फणसाचं झाड, नग एक.

त्याला आता काही वर्षं झाली. मी वाईला असतो, चुलत्यांच्या गोठ्यासमोर. दर ईदला मासचा फोटो येतो. पहिल्या वर्षी झाड बकरीच्या गुडघ्याएवढं होतं, दुसऱ्या वर्षी शेंडा नव्हता. यंदाच्या फोटोत मधोमध बकरी उभी आहे, पाठीमागं काहीतरी हिरवं. म्बाह एका बाजूला, बोट बकरीकडं की झाडाकडं ते कळत नाही. मी लिहिलं, फळ धरलं का?

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर संध्याकाळी आलं. "बेलुम, पाक. बकरी गाभण आहे."